लावलेल्या झाडाला गोत्र नाही काय?

पाचवीच्या वर्गात वाचन चालले होते. एका मुलीने पुस्तक उघडले आणि आतून एक चपटी, वाळलेली, तपकिरी पडत चाललेली डहाळी खाली पडली. ती घाईने वाकली, डहाळी उचलून कपाळाला लावली आणि पुन्हा पानात जपून ठेवली. ज्यांचे बालपण मराठी शाळेत गेले आहे त्यांना ती डहाळी कसली, हे सांगावयास नको. ती ‘विद्या’ होती. मोरपंखीचे पान पुस्तकात ठेवले म्हणजे विद्या येते, ही समजूत आमच्या वेळी होती आणि आजही आहे. आमच्यापैकी पुष्कळांना ती आली नाही, पण त्यात मोरपंखीचा दोष नाही.

मी त्या मुलीला विचारले, “कुठून आणलीस गं?”

“मावशीच्या गावाहून, गुरुजी. तिथल्या शाळेत झाळ हाये. पोळ्याले गेलती तव्हा तोडली.”

“झाड कोणी लावलं, माहीत आहे का?”

“मावशीच्या सासऱ्यानं. थे शिपाई होते शाळेत.”

वाचकहो, या दोन उत्तरांत काय काय आले ते पाहा. झाड कोठे आहे ते आले. नमुना केव्हा घेतला ते आले, कोणी घेतला ते आले आणि झाड कोणी लावले तेही आले. मोठमोठ्या वनस्पतिसंग्रहांत लावलेल्या झाडाच्या नमुन्याबरोबर पुष्कळदा एवढीही माहिती नसते. या पाचवीतल्या मुलीजवळ ती तोंडपाठ आहे. उणीव एकच. तिने ती लिहून ठेवलेली नाही. पाच वर्षांनी पुस्तक रद्दीत जाईल, विद्या रद्दीत जाईल आणि त्या शिपायाच्या झाडाचा वृत्तान्तही त्यांच्याबरोबर जाईल.

माझा आजचा वाद या उणिवेबद्दल आहे. तो मी दोघांशी घालणार आहे. एक, झाडे नुसती मोजणाऱ्यांशी. दुसरा, झाडे ओळखणाऱ्या पंडितांशी, जे रानातल्या झाडाला कागदावर मानाने बसवतात आणि माणसाने लावलेल्या झाडाला दाराबाहेर उभे करतात. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आताच्या भाषेत दहावीचे. धंदा मास्तरकीचा, आणि व्यसन कादंबऱ्या लिहिण्याचे. मी वनस्पतिशास्त्रात बोलणे हा आगाऊपणा आहे, हे मला कबूल आहे. पण ज्याचे नुकसान झाले त्याने ओरडण्यासाठी पदवी लागत नाही. आमचे नुकसान झाले ते आधी सांगतो.

रोहिणखेडला येण्यापूर्वी मी घाटाखालच्याच एका गावच्या शाळेत होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण गाव चांगले आहे. त्या शाळेच्या अंगणात एक मोठे झाड होते. त्याखाली प्रार्थना व्हायची, पंधरा ऑगस्टचे भाषण व्हायचे आणि उन्हाळ्यात चौथीचा वर्गही भरायचा. सारे गाव त्याला ‘देवदार’ म्हणे. खोडाला खिळ्याने पत्र्याची पाटी ठोकलेली, तीवरही ‘देवदार’. कोणा जुन्या हेडमास्तरांनी ते कोठून तरी रोप आणून लावले होते, एवढेच गावाला ठाऊक.

एके वर्षी वनस्पतिशास्त्राचे एक अभ्यासक घाटातल्या वनस्पती गोळा करण्यासाठी आले. शाळेच्या व्हरांड्यात उतरले. रात्री कंदिलाशी बसून ते पाने-फुले वर्तमानपत्राच्या घड्यांत लावीत, वर फळ्या ठेवून पट्ट्याने करकचून आवळीत. पोरे भोवती गोळा. झाड तेव्हा फुलावर होते. मी म्हणालो, “साहेब, आमच्या देवदाराची एक डहाळी घ्या की.” त्यांनी वर पाहिले आणि हसून म्हणाले, “गुरुजी, हे लावलेलं झाड आहे. आम्ही रानात आपोआप उगवलेलंच घेतो.” गृहस्थ सज्जन होते. पोरांना त्यांनी भिंग दाखवले, चहा घेतला आणि सकाळी निघून गेले.

पुढे शाळेला नवी खोली मंजूर झाली. जागा नव्हती. उन्हाळ्याच्या सुटीत झाड पडले. लिलावाच्या कागदावर ‘देवदार, नग १’ असे लिहिले गेले आणि लाकूड जळणाच्या भावाने गेले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सावली गेल्याचे कळले. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि एका रोपवाटिकेतून ‘देवदारा’ची पाच रोपे मागवली. रोपे आली. देखणी होती, सुईसारख्या पानांची. पोरांनी घरून तांबे भरभरून पाणी आणून घातले. पहिल्या मे महिन्यात तीन वाळली, दुसऱ्या मे महिन्यात दोन. ज्या मुलीकडे पाचव्या रोपाला पाणी घालण्याची पाळी होती ती रडली. तिला वाटले, आपलेच काही चुकले.

तिचे काही चुकले नव्हते. देवदार हा पश्चिम हिमालयाचा रहिवासी आहे. साधारण पाच ते दहा हजार फुटांवर, जेथे हिवाळ्यात बर्फ पडते, तेथे तो सुखाने राहतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून जातो. तेथे त्याने जगावे ही अपेक्षाच गैर. मग पन्नास वर्षे अंगणात उभे राहिलेले, दुष्काळ सोसलेले झाड कसले होते? देवदार तर ते खासच नव्हते. त्याची पाने सुईसारखी नव्हती. कडुनिंबासारखी, एका दांड्यावर दोन्ही बाजूंनी ओळीने लागलेली होती.

येथे नावांचा घोळ सांगितला पाहिजे, कारण त्या घोळातच सारे पाणी मुरले आहे. खरे देवदारकुळ, ज्याला इंग्रज ‘सीडर’ म्हणतो, ते फार लहान आहे. हिमालयाचा देवदार, लेबनॉनचा सीडर, मोरोक्को-अल्जीरियाच्या ॲटलास पर्वतातला आणि सायप्रस बेटावरचा, असे चारच भाऊ मोजतात. परंतु सुवासिक किंवा तांबूस लाकूड दिसले की इंग्रजाने त्याला सीडर म्हटले. अमेरिकेत ज्याच्या पेन्सिली होत तो सीडर. ज्याच्या सिगारच्या पेट्या होत तोही सीडर. आपली विद्या, मोरपंखी, ही मूळची चीनकडची. तिच्या अमेरिकेतल्या बहिणींनाही सीडरच म्हणतात. ऑस्ट्रेलियात तर आपल्या बकाणा निंबाला पांढरा सीडर म्हणतात आणि आपल्याकडे जो तूण, तो तिकडे लाल सीडर. त्या लाल सीडरच्या पायी एकोणिसाव्या शतकात लाकूडतोड्यांनी न्यू साउथ वेल्सची राने उलथीपालथी केली.

आपणही कमी नाही. फळांची आणि चहाची खोकी ज्या पांढऱ्या हलक्या लाकडाची येत त्या साऱ्याला आपण देवदारी म्हणून मोकळे झालो, मग ते चिडाचे असो की आणखी कशाचे. बंगाली माणसाला देवदारू विचारा, तो आपला शाळा-कचेऱ्यांपुढचा उंच सरळ ‘अशोक’ दाखवील. आणि तो अशोकही खरा अशोक नव्हे. सीतेचा अशोक निराळा. तेव्हा पाटीवर नाव आहे एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. नाव माणसाच्या तोंडात असते आणि तोंडे गावागणिक बदलतात.

म्हणूनच जाणत्यांनी वनस्पतिसंग्रह काढले, ज्याला हर्बेरियम म्हणतात. सोळाव्या शतकात इटलीत लुका गिनी नावाचा एक प्राध्यापक होता. हिवाळ्यात बागेत फूल नसते तेव्हा शिकवायचे कसे, या अडचणीतून तो झाडे दाबून, वाळवून कागदावर चिकटवू लागला, असे म्हणतात. ती युक्ती आजही चालू आहे. साधारण ४२ सेंटिमीटर लांब नि २८ रुंद असा जाड कागद. त्यावर फुलासकट किंवा फळासकट शिवलेली डहाळी. उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी: झाडाचे नाव, गाव, तारीख, गोळा करणाराचे नाव, त्याचा क्रमांक, झाड किती उंच, फुलाचा रंग कोणता. वाळले की रंग जातो, म्हणून तो लिहायचा. मुंबईत सेंट झेवियर महाविद्यालयातला ब्लॅटर संग्रह १९०६ पासूनचा आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी खात्याची पश्चिम शाखा १९५५ पासून पुण्याला आहे. हावड्याचा मध्यवर्ती संग्रह तर लाखांनी मोजावा असा. नाव चुकले तरी हरकत नाही. कागद तेथेच असतो, शंभर वर्षांनी कोणी शहाणा येतो, पुन्हा पाहतो आणि नाव दुरुस्त करतो. जमिनीचा जसा सात-बारा, तसा झाडाचा हा कागद.

आता आमचे नुकसान मोजा. त्या रात्री व्हरांड्यातून दहा पावलांवर ते झाड फुलले होते. एक डहाळी, एक कागद, एक चिठ्ठी. एवढे झाले असते तर आज मला कळले असते की ते तूण होते की रोहिण.

होय, रोहिण. झाड पडल्यावर मी विचारपूस केली. जळणवाल्याचा माणूस म्हणाला, “लाल निघालं लाकूड, गुरुजी. चांगलं जळलं.” जुन्या विद्यार्थ्यांना विचारले, फळ कसे होते? सर्वांनी सांगितले की लाकडी होते, वाळले की पाच पाकळ्यांचे फूल उमलावे तसे उकलायचे, आतून पंखांच्या बिया उडायच्या, आणि मुली त्या लाकडी फुलांच्या माळा करायच्या. हे वर्णन तुणालाही लागते आणि रोहिणीलाही लागते. दोघेही कडुनिंबाच्याच कुळातले. फरक आकाराचा. तुणाचे फळ बोटाच्या पेराएवढे, रोहिणीचे लिंबाएवढे. मी आकार विचारला. एकजण म्हणाला बोराएवढे, दुसरा म्हणाला लिंबाएवढे, तिसरा म्हणाला आवळ्याएवढे. प्रत्येक जण शपथेवर सांगावयास तयार! फूल असते तर वाद मिटला असता. तुणाचे पुंकेसर सुटे असतात, रोहिणीचे एका नळीत जोडलेले. भिंग लावून दहावीच्या मुलानेही सांगितले असते. पण फूल नाही. ते घाटातल्या फुलांशेजारी बसायला अपात्र ठरले होते.

हा फरक किरकोळ नाही. तूण असेल तर ते झाड पाहुणे होते. ओलसर खोऱ्यांतले, ओढ्याकाठचे झाड कोणा हेडमास्तराने आमच्या रुक्ष जमिनीत आणले आणि ते जगले, ही बातमी झाली. आणि रोहिण असेल तर ते आमच्या मातीचे मूळचे झाड. कोरड्या पानगळीच्या रानातले. त्याची कडू साल तापावर देतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने सिंकोन्याला पर्याय म्हणून ती पुढे केली, आणि त्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘ज्वरनाशक’ हा शब्द आहे. आता मी ज्या गावात राहतो त्या रोहिणखेडाच्या नावातच हे झाड उभे आहे. म्हणजे असेही झाले असेल की, ज्याच्या नावाने शेजारचे गाव ओळखले जाते त्या झाडाला आम्ही देवदार म्हणालो, पंडितांनी लावलेले म्हणून नाकारले आणि लिलावाने जाळले. निकाल कधीच लागणार नाही. पुरावा चुलीत गेला.

रोहिणखेडात लढायांच्या नोंदी भरपूर आहेत. १४३७ साली बहामनी सेनापतीने खानदेशच्या नासीरखानाला येथे मोडले, हे इतिहासात लिहिले आहे. खुदावंतखानाने सोळाव्या शतकात बांधलेली दगडी मशीद उभी आहे. ती कोणी बांधली हे कोणीही सांगेल. कोणी कोणाला मारले नि कोणी काय बांधले हे टिपणारे पुष्कळ झाले. कोणी काय लावले हे टिपणारा झाला नाही. आणि वऱ्हाडाचे दुर्दैव आणखी एक. थिओडोर कूकने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ पासून प्रसिद्ध केला. मराठी मुलुखातले अभ्यासक अजून त्याचीच पाने उलटतात. पण वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते, म्हणून ते त्यात नाही. आम्ही १९५६ साली मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात, आणि आमच्या जिल्ह्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ सर्वेक्षणाने काढला तो २००० साली. ज्या जिल्ह्याच्या रानालाच इतकी वाट पाहावी लागली, त्याच्या शाळेच्या अंगणाला कोण विचारतो?

पंडितांची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. ते म्हणतात, आम्हाला निसर्गाने कोणते झाड कोठे ठेवले हे शोधायचे आहे. माणसाने लावलेले मधे आले की नकाशा बिघडतो. बरोबर आहे. पण नकाशा लावलेल्या झाडाने बिघडत नाही, चिठ्ठीवर ‘लावलेले’ हा शब्द न लिहिल्याने बिघडतो. आज जगभरच्या संग्रहांतल्या नोंदी यंत्रावर एकत्र केल्या जातात. त्या नोंदीत झाड आपोआप उगवलेले की लावलेले, यासाठी जागा असते, आणि ती पुष्कळदा कोरी असते. मग कोणत्या तरी बागेतल्या सीडरचा नमुना यंत्र बिचारे रानातलाच समजते आणि नकाशावर भलत्या ठिकाणी सीडरचे रान दाखवते. हा अपराध झाडाचा की चिठ्ठी लिहिणाऱ्याचा?

दुसरे असे की, लावलेले झाड कायम लावलेलेच राहते, अशी खात्री कोणी दिली? घाणेरी पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेसाठी कोलकात्याच्या बागेत आणली. आज कोणत्या घाटात ती नाही? गाजरगवताचे तसेच. १९५० नंतरच्या काही वर्षांत पुण्यात ते नजरेस आले, वनस्पती सर्वेक्षणाच्या आर. एस. राव यांनी १९५६ साली त्याची नोंद छापली, आणि आपण समजलो की तेव्हाच ते आले. पुढे जुन्या संग्रहांतून त्याहून आधीचे नमुने निघाले. कागद होता म्हणून इतिहास तरी दुरुस्त झाला. आज गाजरगवत उपटून उपटून हात खाजवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याने विचारावे की, पहिल्याच दिवशी कोणी नीट का नाही लिहिले? उद्या आपल्या टेकड्यांवर लावलेले गिरिपुष्प नि सुबाभूळ कोठवर पसरले हे सांगायचे झाले, तर ती प्रथम कोठे, केव्हा लावली याचा कागद नको काय?

तिसरे, आणि हे मला सर्वांत मोलाचे वाटते. झाड आपल्या रानात कोठे राहते यावरून ते कोठे राहू शकते हे कळत नाही. ते कळते फक्त लावून पाहिल्यावर. फ्रान्समध्ये मों व्हांतू नावाचा उघडा पडलेला डोंगर आहे. १८६० च्या सुमारास तेथे ॲटलास पर्वतातला सीडर लावला. तो नुसता जगला नाही. त्याची पिले आपोआप उगवून रान पसरले. आता ऊन वाढत चालले, मूळच्या ॲटलासमध्ये त्याच्यावर दुष्काळाचे संकट आले, तेव्हा पुढे कोणते झाड लावावे हे ठरवताना तिकडचे वनाधिकारी त्या जुन्या लागवडीकडे पाहतात. तो दीडशे वर्षांचा प्रयोग त्यांना फुकट मिळाला, कारण केव्हा, कोठून, कोठे आणले हे लिहिलेले होते. आमच्या हेडमास्तरांनीही तसाच प्रयोग केला होता. पन्नास वर्षे चालला. यशस्वी झाला. आणि निकालपत्र कोणी लिहिले नाही म्हणून आम्ही पाच रोपे, वर्गणी आणि एका मुलीचे अश्रू त्यावर खर्च केले.

काही स्वदेशाभिमानी मंडळी म्हणतील, परकी झाडे हवीत कशाला? उपटून टाका, नोंद कसली करता? मला देशी झाडांचा अभिमान आहे. रोहिणखेडचा माणूस रोहिणीची बाजू सोडणार नाही. पण उपटण्यापूर्वी ते परके आहे हे सिद्ध करावे लागेल की नाही? आमच्या अंगणातले झाड देशी की परके हे आजही कोणी सांगू शकत नाही. आणि गुलमोहराला घराबाहेर काढणार असाल तर हेही ध्यानात घ्या की, तो मूळचा मादागास्करचा; तेथे रानात तो बेटाच्या थोड्या भागात आहे आणि जगभर दिसतो तो लोकांनी लावला म्हणून. लावणाऱ्या हाताला इतके हलके लेखू नये.

आता झाडे मोजणाऱ्यांकडे वळतो. आपल्या राज्यात २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपे लावण्याचे संकल्प झाले. तेहतीस कोटी! देवांचीच संख्या गाठली. आम्ही मास्तर त्यात खड्डे खणायला होतो, पोरे होती, फोटो होते. मी रोपे किती जगली असा खवचट प्रश्न विचारीत नाही. तो विचारणारे पुष्कळ आहेत. मी साधा प्रश्न विचारतो. माझ्या हातात जे रोप दिले ते कोणते, त्याचे बी कोठल्या झाडाचे, हे मी कोठे लिहायचे होते? तक्त्यात रकाना होता तो संख्येचा. वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला, तेव्हापासून आपण झाडे लावतो आहोत. एवढ्या वर्षांत प्रत्येक शाळेने दर साली एका झाडाचा एक कागद केला असता, तर आज प्रत्येक तालुक्याजवळ कोणते झाड कोणत्या मातीत टिकले याची जंत्री असती.

कोणी तरुण वाचक म्हणेल, गुरुजी, मोबाईलवर फोटो काढला की झाले. काढा, अवश्य काढा. पण फोटोतल्या फुलाचे पुंकेसर सुटे की जोडलेले, हे पन्नास वर्षांनी पाहायचे झाले तर फोटो उलगडून पाहता येत नाही. वाळलेले फूल कोमट पाण्यात भिजवले की पुन्हा उघडते. त्या कागदावरच्या पानाच्या कणातून आजचे शास्त्र वंशसुद्धा ओळखते. फोन मात्र तीन वर्षांत बदलतो, आणि त्याच्याबरोबर फोटो कोठे जातात हे प्रत्येकाने आपल्या मनाशी आठवावे.

म्हणून माझे मागणे थोडे आहे. पंडितांनी लावलेल्या झाडाला पंगतीतून उठवू नये. कागदावर ‘लावलेले’ असे ठळक लिहून बसवावे, आणि लावणाराचे नाव, साल, रोप कोठून आणले हे कळत असेल तर तेही घालावे. जुने झाड तोडण्याची परवानगी देणाऱ्याने आधी त्याची फुलाफळासकट डहाळी मागावी. माणसाचा मृत्यूचा दाखला लागतो, झाडाचा एवढा तरी लागावा. आणि रोपे वाटणाऱ्याने संख्येच्या रकान्याशेजारी नावाचा रकाना काढावा.

बाकीचे काम सरकारचे नाही, आपले आहे, आणि दिवाळीची सुटी त्याला उत्तम आहे. घराघरांतून साफसफाई झालीच आहे. रद्दी विकलीत तरी चार वर्तमानपत्रे ठेवा. मुलांना घेऊन अंगणातल्या, शाळेतल्या, देवळापुढच्या एका जुन्या झाडापाशी जा. फूल किंवा फळ असलेली हातभर डहाळी, तीही एकच, कात्रीने घ्या. कागदात पसरून ठेवा, एक पान उलटे ठेवा म्हणजे पाठ दिसेल. वर ट्रंक ठेवा. आठवडाभर रोज कागद बदला, नाहीतर बुरशी येईल. मग जाड कागदावर दोऱ्याने शिवा आणि चिठ्ठी लिहा. चिठ्ठी मुलांनाच लिहू द्या, पण माहिती आजोबांना विचारा. कोणी लावले, कोणत्या साली, कशाच्या निमित्ताने. आजोबा नसतील तर आजीला विचारा. तिला अधिक माहीत असते. झाडाचे नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी ठेवा. कोरी जागा खोट्या देवदारापेक्षा बरी. जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे कोणी असतील, त्यांच्याकडे तो कागद घेऊन जा. त्यांनी लावलेले झाड म्हणून नाकारला, तर हा अंक दाखवा.

आमच्या वर्गात आम्ही आरंभ केला आहे. त्या मुलीची विद्या पुस्तकातून काढून कागदावर शिवली. तिला पेन्सिल दिली आणि मावशीच्या गावाचे नाव, तालुका, पोळ्याचा दिवस असे एकेक सांगत गेलो. तिने सावकाश, गोल अक्षरात लिहिले. ‘लावणाराचे नाव’ या ओळीशी येऊन ती थांबली.

“गुरुजी, थे शिपाई होते ना. शिपायाचं नाव चालते का इथं?”

“चालते,” मी म्हणालो. “पूर्ण लिही. बापाच्या नावासकट.”